म्युनिकच्या श्वासाचा हिशेब

1860 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत म्युनिकमध्ये लोखंडी पत्र्याची एक खोली उभी राहिली. दार लावले की माणूस आत चोवीस तास राहू शके. जेवे, झोपे, हवे तर काम करी. वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप खोलीतून सतत हवा ओढत. आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचा थोडा थोडा भाग बॅरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून जाई. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, त्यामागचेच हे रसायन. फक्त इथे दुधाळपणा डोळ्यांनी न पाहता नेमका मोजला जाई. माणूस दिवसभरात किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे शोधायचे होते. खर्च बव्हेरियाचा राजा दुसरा मॅक्सिमिलियन याने उचलला होता.

खोली बांधणारे माक्स फॉन पेटेनकोफर मोठे सावध गृहस्थ. माणसाला आत पाठवण्याआधी त्यांनी तिथे मेणबत्त्या जाळल्या. किती मेण जळले ते ठाऊक, म्हणजे किती वायू निघायला हवा तेही ठाऊक. दोन्ही आकडे जुळल्यावरच खोलीवर विश्वास ठेवायचा.

त्याआधी, 1858 मध्ये, त्यांनी घरांतल्या आणि वर्गांतल्या हवेसाठी एक मर्यादा सुचवली होती: हजार भाग हवेत एक भागापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड असेल तर ती हवा कोंदट समजावी. इतक्या प्रमाणात हा वायू स्वतः घातक नाही, हे त्यांना माहीत होते. माणसांनी वापरून टाकलेल्या हवेची ती फक्त खूण होती. कोरोनाच्या काळात जर्मन शाळांमध्ये खिडकी कधी उघडायची हे सांगणारी यंत्रे भिंतीवर लागली, तेव्हा ‘पेटेनकोफर अंक’ पुन्हा चर्चेत आला. याच पेटेनकोफरांनी 1892 मध्ये, नुसत्या जंतूने कॉलरा होत नाही हे दाखवण्यासाठी, कॉलऱ्याच्या जंतूंचे द्रावण पिऊन टाकले. पोट बिघडण्यावर निभावले. त्यांचे मत चुकीचे ठरले, मोजमापे मात्र टिकली.

खोलीची हवा मोजता आली, तरी शहराची मोजणे फार लांबची गोष्ट होती. जर्मनीत त्याची सुरुवात शहराबाहेर, डोंगरावर झाली. फ्रायबुर्गजवळच्या शाउइन्सलांड या डोंगरावर, सुमारे 1200 मीटर उंचीवर, 1972 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. युरोपातली ही सर्वांत लांब नोंदमाला. डोंगरावरची तुलनेने स्वच्छ हवा एका बाजूला आणि खालच्या शहराची हवा दुसऱ्या बाजूला ठेवली, की शहराने किती भर घातली ते कळते.

पण ती भर कशाची? झाडेही श्वास सोडतात आणि मोटारीही. हायडेलबर्ग विद्यापीठात कार्ल ओटो म्युनिश यांनी आणि नंतर इंगेबोर्ग लेविन यांनी यावर तोडगा काढला. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेले. त्यांतला किरणोत्सारी कार्बन-14 केव्हाच संपलेला, कारण दर 5730 वर्षांनी तो निम्मा होतो. म्हणून इंधनाचा धूर हवेत मिसळला की तिच्यातले कार्बन-14 चे प्रमाण घटते. लेविन यांनी शाउइन्सलांड आणि हायडेलबर्ग येथील नमुने अनेक दशके ताडून पाहिले. शहराची हवा स्वतःच आपली साक्ष देते, ती अशी.

महापालिकांचा मार्ग मात्र वेगळा होता. 1990 मध्ये फ्रांकफुर्टमध्ये युरोपीय शहरांची ‘क्लिमा-ब्युंडनिस’ ही हवामान-आघाडी स्थापन झाली आणि शहरे उत्सर्जन घटवण्याच्या शपथा घेऊ लागली. शपथ घेतली की हिशेब आला. गावागणिक पद्धत निराळी होती, तेव्हा हायडेलबर्गच्या ‘इफॉय’ या संस्थेने पालिकांसाठी ‘बिस्को’ ही समान रीत बसवली: शहरात किती वीज, किती गॅस, किती इंधन खर्च झाले ते घ्या, गुणक लावा, बेरीज करा. काम नेटके, पण सगळे कागदावर. मुंबईचा 2022 चा हवामान कृती आराखडाही अशाच हिशेबावर उभा आहे. यात लबाडी नाही. मात्र कागदाला गळती दिसत नाही.

कागद आणि हवा यांची गाठ घालणारे यंत्र कार्ल्सरुहमध्ये घडले. तिथल्या संशोधन संस्थेच्या फ्रांक हाझे यांच्या गटाने ब्रुकर कंपनीबरोबर एक छोटा, उचलून नेता येणारा स्पेक्ट्रोमीटर तयार केला. तो दिवसभर सूर्याकडे तोंड करून असतो. सूर्यप्रकाश वातावरणातून खाली येताना वाटेतले वायू त्यातले ठरावीक रंग गिळतात. किती गिळले यावरून जमिनीपासून आकाशापर्यंतच्या हवेच्या स्तंभात किती कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन आहे ते कळते. 2014 च्या उन्हाळ्यात अशी पाच यंत्रे बर्लिनभोवती मांडली गेली. वारा ज्या बाजूने शहरात शिरतो तिथला आकडा आणि जिथून बाहेर पडतो तिथला आकडा, यांतला फरक म्हणजे बर्लिनची भर. दहा लाखांत चारशे भागांच्या आसपास असलेल्या वायूत ही भर जेमतेम एखाद्या भागाची. यंत्र किती काटेकोर हवे, ते यावरून समजावे.

बर्लिनचा प्रयोग काही आठवड्यांचा होता. म्युनिक तांत्रिक विद्यापीठाच्या जिया चेन यांनी तो कायमचा केला. 2019 पासून तिथे एक यंत्र शहराच्या मध्यभागी आणि चार चार दिशांना उपनगरांत आहेत. पाऊस आला की त्यांच्या पेट्या आपोआप झाकल्या जातात. पेटेनकोफरांपासून चेन यांच्यापर्यंत सरळ गुरुपरंपरा नाही, तसा दावा करणे ओढून-ताणून होईल. पण आत किती गेले, बाहेर किती आले, ही युक्ती तीच आणि गावही तेच. आता अख्खे म्युनिकच ती खोली झाले आहे, पंपाचे काम वारा करतो.

कागदावर नसलेले काय सापडू शकते, हे 2018 च्या ऑक्टोबरफेस्टने दाखवले. साठ लाखांहून अधिक माणसांची ही जत्रा टेरेझियनवीझे मैदानावर भरते. चेन यांच्या गटाने मिथेन मोजणारे यंत्र पाठीवर घेऊन मैदानाभोवती पायी आणि सायकलवर फेऱ्या मारल्या. दर चौरस मीटरला मिथेन बॉस्टन शहराच्या सुमारे दसपट निघाला. शनिवार-रविवारी आणखी जास्त. बिअर पिणाऱ्यांच्या पोटातल्या वायूवर वर्तमानपत्रांनी यथेच्छ विनोद केले. खरा दोषी मुख्यतः भट्ट्या आणि हीटरमधला अर्धवट जळणारा, गळणारा नैसर्गिक गॅस होता. उत्सर्जनाच्या नोंदींमध्ये अशा उत्सवांना जागाच नव्हती.

हवेच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. सूर्यावर चालणारी यंत्रे रात्री आणि ढगाळ दिवशी गप्प बसतात, आणि म्युनिकचा हिवाळा ढगांचाच. वारा दिवसभरात दिशा बदलतो. उन्हाळ्यात बागा आणि शेते हिशेबात लुडबुड करतात. म्हणून 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॉस सिटीज’ या युरोपीय प्रकल्पात पॅरिस, झ्युरिक आणि म्युनिक ही लहान-मोठी तीन शहरे निवडून अनेक पद्धती शेजारी शेजारी चालवल्या गेल्या. म्युनिकच्या छपरांवर स्वस्तातले अनेक सेन्सर बसले, आणि वायू झाडांचा की इंधनाचा हे ठरवायला कार्बन-14 पुन्हा कामी आला. 2035 पर्यंत हवामान-तटस्थ होण्याचे म्युनिकने ठरवले आहे. उपनगरांतल्या पेट्या चालू राहिल्या, तर तोवर पालिकेच्या आकड्यांशेजारी ठेवायला सोळा वर्षांची मोजमापे जमलेली असतील.