लिव्हरपूलचा धक्का आणि आपल्या रमाबाई

इंग्लंडातील बंदराचे आणि आपल्या नारपोलीचे काय नाते, असे आपणांस वाटेल. परंतु ज्या गावात दिवसरात्र मागांचा खडखडाट ऐकू येतो, त्या गावाला लिव्हरपूल हे नाव अगदीच परके नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस अडला. तेव्हा मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी जहाजे भरभरून लिव्हरपूलला गेल्या. मँचेस्टरकडील गिरण्यांत त्याचे सूत व कापड होई आणि ते कापड पुन्हा आपल्याच बाजारात येई.

हे शहर मर्सी नदीच्या मुखाशी वसलेले आहे. आपण खाडीकाठच्या बायका, आपल्याला भरती-ओहोटी समजावून सांगायला नको. परंतु तेथे मोठ्या उधाणाला पाणी तीस फुटांच्या आसपास चढते-उतरते. म्हणून १७१५ साली तेथे दरवाजे लावून पाणी आत कोंडणारी गोदी बांधण्यात आली. पुढे उतारूंसाठी तरंगता धक्का झाला. पोकळ लोखंडी तराफ्यांवर तो उभा असे व पाण्याबरोबर वरखाली होई. किनाऱ्यापासून त्याच्यापर्यंत बिजागरीचे पूल होते. त्यामुळे म्हातारी माणसे, मुले, सामान या साऱ्यांना बोटीपर्यंत चालत जाता येई.

या बंदराच्या श्रीमंतीत पापाचा पैसाही होता. १८०७ सालच्या कायद्याने बंदी येईपर्यंत येथील जहाजे आफ्रिकेतील माणसांना गुलाम करून नेत. अशाच एका जहाजावर एडवर्ड रश्टन नावाचा तरुण खलाशी होता. तळघरात कोंडलेल्या गुलामांच्या डोळ्यांची साथ आली असता तो त्यांच्या मदतीस गेला, आणि त्याचीच दृष्टी गेली. पुढे त्याने गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या, आणि त्याच्या प्रयत्नाने १७९१ साली लिव्हरपुलात अंधांची शाळा निघाली.

याच बंदरावर फेब्रुवारी १८८६ मध्ये आपल्या पंडिता रमाबाई आल्या. त्यांचे पती १८८२ साली वारले होते. डॉक्टर व्हावे म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडास गेल्या, परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. रमाबाई खचल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या व तेथेच त्यांनी संस्कृतही शिकविले. मग पाच वर्षांचीही न झालेली मनोरमा बरोबर घेऊन त्या लिव्हरपूलहून ‘ब्रिटिश प्रिन्सेस’ या आगबोटीने अमेरिकेस निघाल्या. परक्या देशात, धक्क्याच्या गोंगाटात, कमी ऐकू येणाऱ्या बाईने लहान मुलीला घेऊन बोट गाठणे किती अवघड गेले असेल, याचा आपणच विचार करावा. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरीची पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई तेथे हजर होत्या. आनंदीबाईंचे माहेर आपल्या शेजारचे, कल्याणचे!

पुढे मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनात अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. आईच्या कानांची अडचण जिने लहानपणापासून पाहिली, तिला हे सुचले यात नवल नाही.

आज लिव्हरपूलला जाणाऱ्या अपंग माणसाला आधी कळविल्यास स्टेशनावर विनामूल्य मदतनीस मिळतो. तेथील लोकल मार्गावर २०२३ पासून ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांचा तळ फलाटाच्या पातळीला असून दारातून फळी पुढे सरकते, म्हणून चाकांची खुर्ची सरळ आत जाते. मर्सीवरच्या फेरीबोटीला आजही तरंगता धक्काच आहे. ओहोटीला त्याचा उतार खडा होतो, म्हणून खुर्चीवाल्याने भरतीची वेळ विचारून जावे.

आपल्या देशातही २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. पण सगळेच कायद्यावर सोडून कसे चालेल? माझ्या थोरल्या जाऊबाई पायाने अधू आहेत. मंडळाची सहल निघाली की त्या म्हणतात, “तुम्ही जा, मी घर सांभाळते.” त्यांना यायचे नसते असे नाही. आपली अडचण चारचौघींना नको, एवढेच. अशा जाऊबाई, सासूबाई आपल्या प्रत्येक आळीत आहेत.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. पुढच्या सहलीला जागा ठरविण्याआधी तेथे पायऱ्या किती, बसायला सावली आहे का, मोटार दारापर्यंत जाते का, हे दोघींनी जाऊन पाहून यावे. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्याशी समोर बसून सावकाश बोलावे व निघण्याची वेळ कागदावर लिहून द्यावी. ज्यांना चालवत नाही त्यांची नावे यादीत सर्वांत आधी घ्यावीत. माझ्या जाऊबाईंचे नाव मी आजच देऊन ठेवीत आहे.