३२ डॉलरचा शार्क

मंडळी, यंदाच्या हिवाळ्यात आम्हा चौघांचं मालदीवला स्कूबा डायव्हिंगला जायचं घाटतंय. आणि तेही शार्क बघायला! शार्क म्हणजे कोकणातली मुशी नाहीतर मोरी. आपली तिच्याशी ओळख कालवणापुरती. इथे ती पाण्यात आपल्याभोवती फिरणार, एवढाच काय तो फरक :-)

आयटीवाले असल्यामुळे सगळ्यात आधी एक्सेल शीट तयार झाली. विमान, राहणं, डाइव्हचे पैसे वगैरे. माहिती काढताना गंमत अशी कळली, की तिथले शार्क आज टिकून आहेत ते बऱ्याच अंशी अशाच एका हिशेबामुळे. आजची पोस्ट त्या हिशेबाबद्दल.

मालदीवचा कोळी मुळात ट्यूनाचा. गळाला लागेल तेवढा एकेक मासा ओढायचा, ही तिथली शेकडो वर्षांची पद्धत. शार्कही मारायचे, पण मुख्यतः तेलासाठी. त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडलं की लाकूड टिकतं. ही घरगुती गरज होती तोवर ठीक होतं. मग बाहेरची बाजारपेठ आली. वाळवलेले पर पूर्व आशियात सूपसाठी, खारवलेलं मांस श्रीलंकेला. १९८० च्या सुमारास खोल पाण्यातल्या गल्पर शार्कची पाळी आली. त्याच्या यकृतातल्या तेलात स्क्वालीन असतं आणि ते सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. तीन-चार वर्षांत ही मासेमारी शिगेला पोचली आणि पुढच्या काही वर्षांत कोसळली. कारण साधं आहे. हा शार्क फार उशिरा वयात येतो आणि त्याला एका वेळी एखाददुसरंच पिल्लू होतं. काढा-विका हा धंदा इथे चालत नाही.

दुसऱ्या बाजूला, त्याच समुद्रात शार्क नुसते बघायला उतरणारे लोक आले. ऑस्ट्रियाचा हान्स हास हा पाण्याखालच्या चित्रीकरणाचा आद्यपुरुष. तो १९५७-५८ मध्ये 'झारिफा' जहाज घेऊन मालदीवला आला होता. पण खरी सुरुवात १९७२ ची. त्या वर्षी कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. पाठोपाठ डायव्हर आले आणि काही जागांचं नाव झालं. आरी अटॉलमधलं 'फिश हेड' त्यातलंच एक. पाण्याखालचा एक डोंगर आणि त्याभोवती घिरट्या घालणारे ग्रे रीफ शार्क.

आता तो हिशेब. चार्ल्स अँडरसन आणि हुधा अहमद या दोघांनी १९९३ मध्ये मालदीवच्या शार्क मासेमारीवर एक अहवाल लिहिला. शार्क बघायला येणारे डायव्हर किती पैसे देतात, त्याला शार्कच्या संख्येने भागलं. उत्तर आलं: डाइव्हच्या जागेवरचा एक जिवंत ग्रे रीफ शार्क सरासरी वर्षाला ३,३०० डॉलर मिळवून देतो. तोच मारला तर कोळ्याला मिळतात ३२ डॉलर. तेही एकदाच! म्हणजे शंभरपट. प्रेझेंटेशनमध्ये याहून चांगली स्लाइड कुठली असणार?

पण सरकारी काम, सगळीकडे सारखंच. १९९५ मध्ये फिश हेडसकट १५ जागा संरक्षित झाल्या. तरी नव्वदीच्या मध्यात फिश हेडवरचे शार्क मासेमारीमुळे झपाट्याने कमी झाले. १९९८ मध्ये पर्यटकांच्या सात अटॉलभोवती दहा वर्षांची बंदी आली. मोहम्मद नशीद राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २००९ मध्ये रीफ शार्कच्या मासेमारीवर बंदी आली आणि २०१० मध्ये देशाच्या सगळ्या समुद्रात सगळ्याच शार्कवर. (हे तेच नशीद, ज्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये हवामान बदलाकडे लक्ष वेधायला मंत्र्यांना स्कूबा गियर चढवून पाण्याखाली कॅबिनेटची बैठक घेतली होती.)

इथे गोष्ट गोड झाली असं वाटतं ना? मलाही वाटलं. मग परत ते दोन आकडे बघितले. ३,३०० आणि ३२ एकाच शीटमध्ये आहेत खरे, पण ते एकाच खिशात जात नाहीत! मालदीवची रिसॉर्ट्स निर्जन बेटांवर बांधायची, पर्यटक आणि गाववाले वेगळे ठेवायचे, हे अनेक वर्षांचं धोरण होतं. त्यामुळे शार्कचे ३,३०० जायचे ते रिसॉर्टच्या मालकाकडे. ३२ बुडाले ते दुसऱ्याच बेटावर राहणाऱ्या कोळ्याचे. वर त्याची तक्रार अशी, की शार्क वाढले आणि गळाला लागलेला मासा तेच पळवतात. देशाचा फायदा झाला यात शंका नाही, पण 'तुझे ३२ सोड, देशाला ३,३०० मिळतील' हे ऐकून त्याने टाळ्या का वाजवाव्यात?

हे थोडं बदललं ते २००९ नंतर, जेव्हा वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परवानगी मिळाली. विषुववृत्ताच्या जरा खाली फुवामुलाह नावाचं एकटं बेट आहे. तिथल्या बंदराशी कोळी माशांचा टाकाऊ भाग टाकायचे आणि तो खायला टायगर शार्क यायचे. आता त्यांनाच बघायला जगभरातून लोक येतात. अभ्यासकांनी अंगावरच्या खुणांवरून तिथले २०० हून जास्त टायगर शार्क वेगवेगळे ओळखलेत, बहुतेक माद्या. आणि राहायचं गावातल्याच गेस्टहाउसमध्ये, जेवायचं गावातच. म्हणजे इथे दोन्ही आकडे निदान एकाच बेटावर आहेत.

म्हणून आमच्या शीटमधली रिसॉर्टची ओळ मी उडवली आणि गेस्टहाउस टाकलं. स्वस्त पडतं हेही आहेच म्हणा! तुम्ही जाणार असाल तर थोडक्यात सांगतो. डिसेंबर ते एप्रिल अटॉलच्या पूर्वेकडच्या खिंडी चांगल्या. तिथे त्यांना 'कंडू' म्हणतात. बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं आणि ग्रे रीफ शार्क तोंडाशीच थांबतात. वावू अटॉलमधल्या एका प्रसिद्ध जागेचं नावच 'मियारू कंडू' आहे, म्हणजे शार्कची खिंड. प्रवाह जोरात असतो, त्यामुळे नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, थोडा सराव हवा. हौशी डायव्हरला ३० मीटरच्या खाली जायची परवानगी नाही. आणि अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्या.

बाकी शार्क माणसाला खातो का, हा घरच्यांचा प्रश्न. उत्तर आकड्यांत द्यायचं तर ताटातली मोरी मोजा, कोण कोणाला खातं ते लगेच कळेल.

आता शेवटचं. २०२५ मध्ये मालदीव सरकारने गल्पर शार्कची मासेमारी पुन्हा सुरू करायचा निर्णय जाहीर केला. तोच गल्पर, जो १९८० च्या दशकात संपत आला होता. रीफ शार्कची बंदी तशीच, मग नेमका हाच का? माझ्या मते यातलं एक कारण त्या शीटमध्येच आहे. गल्पर शेकडो मीटर खोल राहतो. तिथे ना तुम्ही पोचता ना मी, त्याला बघायला कोणी तिकीट काढत नाही. त्याच्या ओळीत ३,३०० चा रकाना रिकामा आहे, मेल्यावरचा तेवढा भरलेला.

पैशाच्या हिशेबाने शार्क वाचले, हे मी नाकारत नाही. तो हिशेब मांडला नसता तर आज आम्ही बघायला गेलो असतो कशाला? पण जो प्राणी दिसत नाही त्याला वाचवायचं तर दुसरं काहीतरी कारण लागेल, आणि ते कुठल्याही रकान्यात बसणारं नसेल.