‘रझाकारी’ आणि ‘पोलीस अ‍ॅक्शन’: दोन कालवाचक संज्ञा

सत्ताधाऱ्याच्या नावाला ‘ई’, ‘आई’ वा ‘शाही’ जोडून काळाला नाव देण्याची रीत मराठीत जुनी आहे. ‘पेशवाई’, ‘मोगलाई’, ‘निजामशाही’ ही तिची परिचित उदाहरणे. नांदेड-लातूर परिसरात रूढ असलेली ‘रझाकारी’ ही संज्ञा याच घडणीची. मात्र ती राजवटीचा नव्हे, तर राजवटीच्या अखेरच्या पर्वातील दहशतीचा निर्देश करते. मूळ शब्दाचा अर्थ याहून अगदी वेगळा आहे. ‘रझा’ म्हणजे संमती. ‘रझाकार’ म्हणजे स्वेच्छेने काम करणारा, स्वयंसेवक. मराठीतील ‘रजा’ हा शब्दही त्याच अरबी मुळातला. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या नेतृत्वाखाली १९४७-४८ मध्ये या ‘स्वयंसेवकां’नी गावोगावी लूट आणि जाळपोळ केली, तेव्हा तो मूळ अर्थ लोकव्यवहारातून पुसला गेला. १९७१ नंतर बांगलादेशातही या शब्दाची हीच गत झाली.

‘पोलीस अ‍ॅक्शन’ या संज्ञेची घडण वरून झाली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची मोहीम लष्कराची होती. तिचे लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’. परंतु युद्ध परराष्ट्राशी होते, आणि हैदराबादला परराष्ट्र मानणे भारत सरकारला मान्य नव्हते. निजाम सरकारने प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला असता ‘पोलीस’ या शब्दातच सार्वभौमत्वाचा दावा सामावला होता. इंडोनेशियातील १९४७ च्या आपल्या लष्करी मोहिमेला डचांनीही असेच नाव दिले होते.

बोलीत मात्र या संज्ञेची व्याप्ती पाच दिवसांपुरती उरली नाही. अनेक मुस्लिम कुटुंबांच्या स्मृतीत ती मोहिमेनंतरच्या हत्या, लूट आणि स्थलांतराचे नाव आहे. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची गणना केली. आजच्या लातूर जिल्ह्यापैकी लातूर तेव्हा उस्मानाबादेत, तर उदगीर बीदरमध्ये होते. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

‘रझाकारी’ १७ सप्टेंबरला संपते. या दुसऱ्या अर्थाची ‘अ‍ॅक्शन’ त्याच सुमारास सुरू होते. ‘मुक्तिसंग्राम’ ही अधिकृत संज्ञा तोच दिवस विजयाचा मानते. यांपैकी एकच संज्ञा स्वीकारणारा इतिहासकार तिच्यासोबत कालखंडाची सीमाही स्वीकारतो, आणि त्या सीमेबाहेरचे मृत्यू त्याच्या कथनात येत नाहीत.