क्लॅरियनचे सायकलस्वार : रविवारच्या सहलीचे राजकारण

फेब्रुवारी १८९४. बर्मिंगहॅम शहरातील लेबर चर्चमध्ये जमणाऱ्या सहा तरुणांनी एक सायकल क्लब काढला. सुट्टीच्या दिवशी सर्वांनी मिळून शहराबाहेर सायकली चालवायच्या आणि जाता जाता समाजवादाचा प्रचार करायचा, एवढाच त्यांचा बेत. आरंभी नाव ठेवले ‘समाजवादी सायकल क्लब’. पुढल्याच बैठकीत ते बदलले आणि आपण सारे ज्याचे निष्ठावंत वाचक आहोत, त्या साप्ताहिकाचे नाव क्लबाला दिले : ‘क्लॅरियन’, म्हणजे तुतारी. या मंडळींत टॉम ग्रूम हा तरुण पुढाकार घेणारा होता.

ते साप्ताहिक कधीच इतिहासजमा झाले. क्लब मात्र आजही आहे. असे का घडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

सायकल क्लब ही त्या काळी नवी गोष्ट नव्हती. १८७० पासून इंग्लंडमध्ये असे क्लब होते. पण ते सुखवस्तू तरुणांचे. गणवेश, कप्तान, इशाऱ्यासाठी बिगूल वाजविणारा स्वार असा त्यांचा थाट असे. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे इवलेसे, अशी ती सायकल महाग तर होतीच, शिवाय धोक्याचीही. १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ ही जवळपास सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपचे हवेचे टायर आले. पुढील काही वर्षांत जुन्या सायकली अर्ध्या किमतीत किंवा हप्त्यांवर मिळू लागल्या आणि गिरणीतला कामगार, दुकानातला कारकून सायकलस्वार झाला.

सायकल आली, पण वेळ? तोही भांडून मिळविलेला होता. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीनांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबविणे बंधनकारक झाले आणि ती अर्ध्या दिवसाची सुट्टी हळूहळू इतर धंद्यांत पसरली. आज ज्याला आपण सहज ‘वीकेंड’ म्हणतो, तो असा तुकड्यातुकड्याने हाती आला आहे.

आता त्या साप्ताहिकाविषयी. रॉबर्ट ब्लॅचफर्ड हा माजी सैनिक, नंतर नाणावलेला पत्रकार. समाजवादी मतांपायी चांगल्या पगाराची जागा गमावल्यावर त्याने डिसेंबर १८९१ मध्ये मँचेस्टरहून काही मित्रांच्या साथीने ‘क्लॅरियन’ सुरू केले. ‘मेरी इंग्लंड’ हे त्याचे पुस्तक एका पेनीला विकले गेले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. रुक्ष सिद्धान्तांऐवजी विनोद, क्रिकेट, गाणी, निसर्ग यांसह समाजवाद सांगणे ही त्याची हातोटी. कामगाराला केवळ भाकरी नव्हे, मोकळी हवाही मिळाली पाहिजे, असे मानणाऱ्या वाचकांना सायकलीचे वेड लागावे, यात नवल ते काय!

सहलीचे स्वरूप साधे होते. पिशवीत अंकांच्या प्रती आणि पत्रके घ्यायची, एखादे खेडे गाठायचे, मोकळ्या मैदानावर छोटे भाषण करायचे, अंक विकायचे आणि चहा घेऊन गात गात परतायचे. वाटेत दुसरा क्लॅरियनवाला भेटला की एकाने ‘बूट्स!’ अशी आरोळी द्यायची आणि दुसऱ्याने ‘स्पर्स!’ असे उत्तर. स्पर्स म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेची आर. सायकलस्वारांनी घोडेस्वारांचा शब्द उचलावा, ही खास त्यांची थट्टा. वर्षअखेरीस हॅन्ली, लिव्हरपूल, ब्रॅडफर्ड आणि बार्न्सली येथेही क्लब निघाले. १८९५ च्या ईस्टरला डर्बीशायरमधील अ‍ॅशबोर्न येथे सारे एकत्र जमले आणि राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

या क्लबांत स्त्रियाही होत्या. पुढे मताधिकाराच्या लढ्यात गाजलेल्या ख्रिस्ताबेल आणि सिल्व्हिया पँकहर्स्ट या बहिणी मँचेस्टरच्या क्लॅरियन क्लबातून सायकली चालवीत. ख्रिस्ताबेल चढावर झपाट्याने पुढे निघून जाई आणि धाकटी सिल्व्हिया धापा टाकत मागे राही. दोघींच्या राजकीय वाटा पुढे जशा फुटल्या, त्या जाणणाऱ्याला हा तपशील वाचून हसू आल्यावाचून राहत नाही.

एक प्रश्न मात्र प्रारंभापासून धुमसत होता. सहल प्रचारासाठी, की प्रचार सहलीसाठी? मंडळी सायकली फार चालवितात आणि समाजवाद कमी सांगतात, ही कुरकुर सुरुवातीपासूनच होती. खरी कसोटी लागली ती बोअर युद्धात. ब्लॅचफर्डमधला जुना सैनिक जागा झाला आणि त्याने साम्राज्याची बाजू घेतली. १९१४ मध्येही तो युद्धाच्या बाजूने उभा राहिला. युद्धविरोधी वाचक दुखावले, दुरावले. ज्याच्या लेखणीने ही माणसे एकत्र आली, त्याच्यापासून ती तुटली. एकमेकांपासून मात्र तुटली नाहीत. १९३० च्या दशकाच्या मध्यास क्लबाचे आठ हजारांहून अधिक सभासद होते. साप्ताहिकाची तोवर अखेर झाली होती. १९३८ मध्ये जेफ्री जॅक्सन आणि टेड वॉर्ड हे दोघे सभासद ग्लासगोहून थेट बार्सिलोनापर्यंत सायकलीने गेले, ते यादवी युद्धात होरपळणाऱ्या स्पेनसाठी मदत गोळा करीत.

तो जुना प्रश्न एकविसाव्या शतकातही मिटला नाही. २०२१ मध्ये क्लबाच्या घटनेतून ‘समाजवाद’ हा शब्द वगळून समता व सर्वसमावेशकतेची भाषा घालण्यात आली. काहींच्या मते हा विश्वासघात होता, तर काहींच्या मते नव्या सभासदांना केवळ सोबतीने सायकल चालवायची होती, आणि तेवढे पुरेसे होते. दोन्ही पक्षांचे पूर्वज १८९४ च्या त्या सहा जणांतच शोधता येतील.

अशा सहलींना टेकायला जागा हवी, म्हणून ठिकठिकाणी क्लॅरियनची विश्रामगृहे उभी राहिली होती. त्यांतील लँकशायरमधल्या नेल्सनजवळचे, १९१२ मध्ये बांधलेले ‘क्लॅरियन हाउस’ अजून टिकून आहे. ते रविवारी उघडते, आणि पायी वा सायकलीने आलेल्यांना तेथे पिंटाच्या मोठ्या मगातून चहा मिळतो.