ऐकीव वाटांचा फेरा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोचली. पुढच्याच वर्षी तिने कल्याण गाठले. कालांतराने कल्याणला दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. कोणती गाडी कोणत्या फाट्याला लागणार, हे आधीच ठरलेले असते. टपालाचेही तसेच. संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत पाहा. ठाण्याचा ४००६०१ आणि कल्याणचा ४२१३०१ यांतील पहिल्या तीन आकड्यांवरूनच दोन्ही पत्रांच्या वाटा वेगळ्या होतात. ही व्यवस्था मध्यवर्ती यंत्रणेने आखून दिलेली आहे.

संगणकांच्या जाळ्यात मात्र वरून वाट आखून देणारा कोणी नसतो. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अर्पानेट'मध्ये प्रत्येक केंद्र केवळ शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून होते. अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर आहे, असे शेजारी सांगे आणि ऐकणारा त्यात एक मिळवून तीच बातमी पुढे देई. ही व्यवस्था साधी होती. पण तिच्यातला दोष बातमी खोटी ठरल्यावरच उघड होई.

कल्पना करू की डोंबिवली, कल्याण आणि कर्जत येथे एकेक राउटर आहे. कल्याण-कर्जत तार तुटली. तेवढ्यात डोंबिवली म्हणते, "कर्जत माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे." ही वाट कल्याणवरूनच जाते, हे ती सांगत नाही. कल्याण विश्वास ठेवते आणि स्वतःचे अंतर तीन मानते; ते ऐकून डोंबिवली चार मानते, मग कल्याण पाच. आकडा वाढत राहतो आणि माहितीची पाकिटे दोघांमध्ये हेलपाटे घालत राहतात.

यावरचे पहिले उपाय व्यवहारी होते. १९८८ साली लेखी स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या 'रिप' या प्रोटोकॉलने सोळा म्हणजेच अनंत असे ठरवून टाकले. तिथवर आकडा पोचला की वाट मेली असे समजायचे. दुसरा नियम असा, की जी बातमी ज्याच्याकडून ऐकली ती त्यालाच परत सांगायची नाही. दोघांतला घोळ याने मिटतो. परंतु ठाणे, भिवंडी आणि कल्याण असा त्रिकोण घेतला, तर कल्याणची जुनी बातमी ठाण्याकडून भिवंडीला आणि भिवंडीकडून नव्याने कल्याणला पोचू शकते. नियम कोणीच मोडलेला नसतो, तरी फेरा सुरू होतो.

म्हणून १९७९ मध्येच अर्पानेटने वेगळी दिशा धरली होती. प्रत्येक केंद्राने फक्त आपल्या प्रत्यक्ष जोडण्यांची माहिती सर्वांना कळवायची. त्यावरून प्रत्येकाने संपूर्ण नकाशा रचायचा आणि डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने जवळची वाट स्वतः काढायची. ऐकीव निष्कर्षाची जागा मूळ साक्षीने घेतली. अर्थात, सर्वांचे नकाशे एकाच क्षणी बदलत नाहीत. त्या मधल्या वेळात पाकीट भरकटू शकते. त्यासाठी प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो. दर टप्प्यावर तो एकाने घटतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून दिले जाते.

परंतु अवघ्या जगाचा नकाशा प्रत्येकाने बाळगणे अशक्यच. शिवाय स्वतंत्र संस्था आपली अंतर्गत रचना इतरांना दाखवू इच्छित नाहीत. १९८९ साली आलेल्या 'बीजीपी'ने तोडगा काढला: वाटेच्या बातमीबरोबर ती ज्या ज्या जाळ्यांतून आली त्यांचे क्रमांकही पुढे द्यायचे. त्या यादीत स्वतःचा क्रमांक दिसला, की ती बातमी नाकारायची. आजही जगभरची स्वतंत्र जाळी याच प्रोटोकॉलने एकमेकांशी जोडलेली आहेत.

साहित्याच्या अभ्यासकाला हा रोग अपरिचित नसावा. एका ग्रंथातले विधान दुसरा उचलतो, दुसऱ्यावरून तिसरा. आणि पहिल्याची नवी आवृत्ती तिसऱ्याचा दाखला देऊन तेच विधान सिद्ध झाल्याचे सांगते. विधान जितक्या वेळा फिरते तितके ते भक्कम वाटू लागते, वास्तविक त्याखालची तार केव्हाच तुटलेली असते. स्थानिक इतिहासाच्या लेखनात तर हे वारंवार घडते. यंत्रांनी यावर शोधलेले उपाय आपल्यालाही लागू पडतात: शक्य तेथे मूळ साक्ष पाहावी, आणि ते शक्य नसेल तेव्हा बातमी कोणाकोणाकडून आली याची यादी तरी सोबत द्यावी. त्या यादीत आपलेच नाव सापडले, तर ते विधान मागे घेण्याचा प्रामाणिकपणाही हवा.