वायरलेसच्या वहीतलं गप्प गाव

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूडकडे विजेचे खांब पडले, मोबाइल मुके झाले. त्या दिवसाचा इतिहास लिहायचा, तर तुम्ही साधनं कुठे शोधाल? मी आधी पोलीस वायरलेसच्या नोंदवह्या मागेन.

वॉकीटॉकीला मोबाइल टॉवर लागत नाही. बटण दाबून बोला, सोडून ऐका. पण हँडसेटची ताकद जेमतेम पाच वॅट, अँटेना बुटकी. मध्ये डोंगर आला की आवाज गेलाच. (कोकणात डोंगर कुठे नाही?) लांबचा निरोप उंच अँटेनाच्या बेस स्टेशनवरून जातो, आणि तिथला ऑपरेटर तो वेळेसकट वहीत टिपतो. हँडसेटवरून हँडसेटवर झालेलं बोलणं मात्र हवेतच विरतं. त्यात हँडसेटची बॅटरी साधारण एका पाळीपुरती. वीजच नसेल तर चार्ज कुठे करणार?

म्हणून वहीत एखादं गाव गप्प दिसलं, तर 'नुकसान नाही' असं लिहू नका. तिथली वीज कधी गेली, ते आधी तपासा.