दिवा कधी मालवायचा?

कोणतंही सॉफ्टवेअर लिहिण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो : हे वापरणार कोण? तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी घरं बांधताना हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. त्याची ही इंग्लंडमधली गोष्ट.

लेनर्ड चेशायर ब्रिटिश वैमानिक. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते निरीक्षक म्हणून आकाशात होते. १९४८ साली हॅम्पशायरमधल्या ‘ल कोर्ट’ या आपल्या घरी त्यांनी एका मरणासन्न माणसाला आणलं आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. त्यातूनच चेशायर होम्स उभी राहिली. १९५०च्या दशकात त्यांतलं एक आपल्या अंधेरीतही सुरू झालं.

१९५६ साली १९ वर्षांचा पॉल हंट ल कोर्टमध्ये राहायला आला. स्नायू झिजवणाऱ्या आजारामुळे तो व्हीलचेअरवर होता. आधीच्या हॉस्पिटलच्या वॉर्डापेक्षा ही जागा कितीतरी बरी होती. पण झोपायचं कधी, टीव्ही किती वाजेपर्यंत पाहायचा, बाहेर पडताना कुणाला सांगायचं, यावरून व्यवस्थापनाशी खटके उडू लागले. बिछान्यात उचलून ठेवणारे हात दुसऱ्याचे असले, की झोपेची वेळही त्याचीच होते. तिथले रहिवासी याविरुद्ध भांडले.

त्यांनी संशोधकांनाही बोलावलं. १९७२ साली अभ्यास छापून आला. त्यात म्हटलं होतं : ही माणसं समाजाच्या लेखी मेलेलीच आहेत, प्रत्यक्ष मरणापर्यंत त्यांना सांभाळणं हे संस्थेचं काम. संशोधकांनी संस्थेचीच बाजू घेतली, याचा हंटला संताप आला.

त्याच वर्षी २० सप्टेंबरला ‘गार्डियन’मध्ये त्याचं पत्र छापून आलं : आपण संघटित होऊ या. त्यातून अपंगांची स्वतःची संघटना उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं : शरीरात उणीव असेल, पण माणसाला अपंग करतो तो समाज, त्याला वेगळं काढून.

हे विटा-सिमेंटमध्येही उतरलं. १९७६ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये केन आणि मॅगी डेव्हिस या व्हीलचेअर वापरणाऱ्या जोडप्याच्या पुढाकारातून ग्रोव्ह रोडवर एक छोटी इमारत तयार झाली. खाली अपंगांचे फ्लॅट, वर मदतीला तयार असलेली कुटुंबं. मदत तीच, पण ती कधी आणि कशी हवी, हे सांगणार ज्याला हवी तो.

हंट १९७९ साली, अवघ्या ४२व्या वर्षी गेला.

आज नकाशात रॅम्प आहे का, दारं रुंद आहेत का, हे आपण तपासतो. तपासायलाच हवं. पण रात्री दिवा कधी मालवायचा हे कोण ठरवणार, तेही तिथे राहणाऱ्यालाच विचारायला हवं, आणि नकाशा काढायच्या आधी.